‘लेका’ : एका लाडिक हाकेचे कूळ आणि मूळ

वाटसरू (धागाकर्ता)

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये असे म्हणतात. शब्दांच्या बाबतीत हा दंडक कुणी पाळल्याचे ऐकिवात नाही, म्हणून हा धागा.

‘अरे लेका, इतके दिवस होतास कुठे?’ असे एखाद्या मित्राने विचारले, तर त्यात राग नसतो, उलट बराच जिव्हाळा असतो. शब्द सोडवून पाहिला तर ‘लेक’ या पुल्लिंगी नामाचे हे संबोधनाचे एकवचन आहे आणि त्याचा सरळ अर्थ ‘अरे मुला’ एवढाच होतो. गंमत अशी, की ज्याला खरोखर मुलगा आहे तो बाप त्या मुलाला लाडाने हाक मारताना बहुधा ‘बाळा’, ‘राजा’, ‘सोन्या’ म्हणतो, आणि ‘लेका’ मात्र राखून ठेवतो तो बरोबरीच्या मित्रासाठी, शेजारच्या टवाळ पोरासाठी किंवा फार तर हाताबाहेर चाललेल्या भाच्यासाठी. म्हणजे ज्या नात्याचा शब्द, त्या नात्यातच तो सहसा वापरला जात नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. आजच्या लिखित मराठीत नुसते ‘लेक’ म्हटले की मुलगीच समजली जाते. राज्य शासनाने २०२३ मध्ये मुलींसाठी ‘लेक लाडकी’ ही योजना आणली, तेव्हा तिच्या नावात ‘मुलगी’ किंवा ‘कन्या’ असा कोणताही शब्द नसूनही ती मुलांसाठी आहे की मुलींसाठी, असा प्रश्न कुणाला पडला नाही. ‘लेक सासरी गेली’, ‘लेकीबाळी’, ‘लेकीसुना’ या सगळ्यांत मुलगीच आहे. पुल्लिंगी ‘लेक’ उरला आहे तो ‘बापलेक’ या जोडशब्दात आणि ‘लेका’, ‘लेकाचा’ या दोन टवाळ रूपांत. प्रमाण भाषेने मुलीच्या स्वाधीन केलेला शब्द बोलीतल्या एका उडाणटप्पू हाकेने मुलग्यासाठी जपून ठेवला आहे, असे माझे म्हणणे आहे.

या शब्दाचे मूळ काय, ‘लेकाचा’ हे रूप कसे घडले असावे आणि आपापल्या भागात याची कोणती रूपे चालतात, याविषयी जाणकारांनी लिहावे. एकच विनंती आहे, की ‘आमच्याकडेही म्हणतात’ एवढेच न लिहिता कोण कुणाला म्हणतो तेही सांगावे, कारण या शब्दाचा सगळा अर्थ तिथेच आहे.

माणदेशी

‘लेक म्हणजे मुलगीच’ हे शहरी आणि छापील मराठीपुरते खरे आहे. आमच्या भागात मुलाला ‘ल्योक’ म्हणतात आणि तो शब्द अजून जिवंत आहे. ‘पाटलाचा ल्योक’, ‘एकुलता एक ल्योक’ असे म्हातारी माणसे सहज बोलतात, आणि त्याच वाक्यात मुलीला ‘लेक’ म्हणतात. उच्चाराच्या फरकाने लिंग वेगळे झाले असल्यामुळे गोंधळ होत नाही. मात्र हाक मारताना ‘ल्योका’ असे मी कधी ऐकलेले नाही. हाक ‘लेका’ अशीच येते, किंवा घाईत ‘लका’.

हा ‘लका’ आमच्याकडचा खरा चलनी शब्द आहे. ‘काय लका, दिसंना झालास’, ‘आरं लका, थांब की’ अशी वाक्ये म्हसवड, दहिवडी, आटपाडी या पट्ट्यात कोणत्याही चहाच्या टपरीवर कानावर पडतील. थोडे पुढे गेले की ‘लगा’ ऐकू येते. ‘लेका’ वापरून वापरून ‘लका’ झाला हे उघड दिसते, आणि ‘लगा’ ही त्याच्या पुढची झीज असावी असे मी मानतो.

कोण कुणाला म्हणतो, हे विचारले आहे म्हणून सांगतो. बरोबरीचा बरोबरीच्याला आणि थोरला धाकट्याला. धाकट्याने थोरल्याला ‘लका’ म्हटले तर तिथल्या तिथे कान उपटला जातो.

कोशवाचक

मूळ शोधताना प्रथम एक लेखनाची अडचण दूर करायला हवी. जुन्या छापील पुस्तकांत हा शब्द ‘लेंक’, ‘लेंकरूं’ असा अनुस्वारासह दिसतो. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार लिखाणातून काढले, त्यामुळे नंतरच्या वाचकाला हे नासिक्य अंग दिसतच नाही. दासबोधात तिसऱ्या दशकातल्या चौथ्या समासाची सुरुवात ‘लेंकुरें उदंड जालीं । तों ते लक्ष्मी निघोन गेली’ अशी आहे. जनाबाईंच्या नावावर असलेल्या प्रसिद्ध अभंगातला विठ्ठल ‘लेकुरवाळा’ आहे. तेव्हा ‘लेंकरूं’ हे रूप संतसाहित्यात पूर्ण रुळलेले होते आणि त्यात हेटाळणीचा लवलेश नव्हता.

‘लेकरू’ची घडण सोपी आहे. ‘वत्सरूप’वरून ‘वासरू’ आले, ‘पाखरू’, ‘कोकरू’ ही त्याच वळणाची रूपे आहेत, आणि लहानग्या जिवासाठी हा ‘-रू’ मराठीला फार आवडतो. ‘लेक’ला तो लागला की नपुंसकलिंगी ‘लेकरू’ तयार होते आणि मुलगा की मुलगी हा प्रश्नच मिटतो.

अडचण आहे ती खुद्द ‘लेक’ या अंगाची. ‘पुत्र’, ‘दुहिता’, ‘कन्या’, ‘अपत्य’ यांपैकी कशाशीही त्याचे ध्वनीचे नाते जुळत नाही. इथे कन्नडकडे पाहावे लागते. जुन्या कन्नडमध्ये आणि कन्नड शिलालेखांत ‘लेंक’ हा शब्द येतो आणि त्याचा अर्थ आहे सेवक, त्यातही स्वामीसाठी प्राण देण्याची शपथ घेतलेला सेवक. होयसळांच्या काळात असे शपथबद्ध वीर राजाच्या मृत्यूबरोबर स्वतःलाही संपवीत. हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिराच्या आवारातला स्तंभ द्वितीय वीर बल्लाळाच्या अशाच एका निष्ठावंताचे, कुवर लक्ष्माचे, स्मारक आहे. यादवांची देवगिरी आणि होयसळांचे दोरसमुद्र ही शेजारची, एकमेकांशी लढणारी राज्ये होती आणि दोहोंच्या मधल्या प्रदेशात मराठी आणि कन्नड शेजारी शेजारी नांदत होत्या. तेव्हा शब्दाची ये-जा होणे मुळीच अवघड नव्हते. कोणी कोणाकडून घेतला याविषयी मी पैज लावणार नाही, पण अनुस्वारासकट जुळणारा दुसरा शब्द माझ्या पाहण्यात नाही.

शंकेखोर

कोशवाचक, सेवक आणि मुलगा यांची सांगड कशी घालायची? प्राणांची शपथ घेतलेला योद्धा कुठे आणि टपरीवरचा ‘लका’ कुठे!

कोशवाचक

सांगड घालायला दूर जावे लागत नाही. ‘गडी’ हा शब्द घ्या. ‘घरगडी’ म्हणजे नोकर आणि ‘खेळगडी’ म्हणजे सवंगडी. ‘गड्या’ अशी हाक मारली की ती निव्वळ मैत्रीची. ‘पोर’ म्हणजे मूल, पण हॉटेलातला ‘पोऱ्या’ म्हणजे नोकर, मग तो वयाने कितीही वाढलेला असो. घरात राबणारा धाकटा माणूस आणि घरातले मूल यांना एकाच शब्दाने संबोधण्याची खोड पुष्कळ भाषांना आहे. दोघांनाही हुकूम करता येतो आणि दोघेही घरातलेच मानले जातात, एवढे साम्य त्यासाठी पुरेसे होते.

या कुळातला एक कडवट शब्दही इथे नोंदवायला हवा. ‘लेकावळा’ हा शब्द जुन्या मराठीत दासीपासून किंवा ठेवलेल्या स्त्रीपासून झालेल्या मुलासाठी वापरत. त्यात ‘लेक’ आहे आणि दास्यही आहे. त्या मुलांना घरात जागा असे, पण ती कायम उंबऱ्याजवळची. ‘लेका’ या हाकेत जी किंचित वरून खाली पाहण्याची छटा आहे, तिला या सामाजिक वास्तवाची पार्श्वभूमी असणे मला अशक्य वाटत नाही.

खाडीकाठी

मूळ काहीही असो, आजचा ‘लेका’ शिवीतून आला आहे असे माझे स्पष्ट मत आहे. ‘गाढवाच्या लेका’ ही पूर्ण हाक आजही ऐकू येते. तिच्यातले पहिले पद गाळले की ‘लेका’ उरतो. आईच्या चारित्र्यावरून दिल्या जाणाऱ्या कितीतरी शिव्यांचा साचा ‘अमकीच्या लेका’ असाच आहे, आणि चारचौघांत, विशेषतः घरात, ती पहिली दोन-तीन अक्षरे गिळून पुढचा भाग तेवढा उच्चारणे हा सभ्यतेचा सोपा मार्ग आहे. ऐकणाऱ्याला गिळलेले कळते, बोलणाऱ्याचे तोंड विटाळत नाही.

‘लेकाचा’ आणि ‘लेकाच्या’ ही रूपे यातूनच उलगडतात. एरवी ‘लेकाचा’ याचा शब्दशः अर्थ ‘मुलाचा’ असा होईल आणि त्याला काहीच अर्थ राहत नाही, कारण मुलाचा मुलगा, म्हणजे नातू, असे म्हणण्याचा कुणाचाच हेतू नसतो. शिव्यांचा दुसरा साचा आहे ‘सटवीच्या’, ‘गाढवीच्या’, ‘सुक्काळीच्या’ असा, ज्यात शेवटचे ‘लेका’ अध्याहृत असते. पहिल्या साच्यातला ‘लेक’ आणि दुसऱ्या साच्यातला ‘-च्या’ यांची जोडणी होऊन ‘लेकाच्या’ बनला असावा. ज्या जागी आईला उद्देशून वाईट शब्द यायचा तिथे निरुपद्रवी ‘लेक’ आला आणि शिवीचा डंख गेला.

आमच्या कोकणात तर असली पांघरुणेही घालत नाहीत. ‘मेल्या’ ही हाक जेवायला बोलावतानाही मारली जाते. मालवणीत मुलाला ‘झील’ म्हणतात आणि ‘रे झिला’ ही हाक घरच्या मुलाला जशी लागू पडते तशीच गावातल्या कोणत्याही तरुणाला. ‘झिला’ मात्र प्रेमळच राहिला, त्याला ‘झिलाचा’ असे टवाळ रूप माझ्या माहितीत नाही, आणि याचे कारण मला वाटते की आमच्याकडे शिव्या झाकण्याची गरजच पडली नाही.

वाटसरू

खाडीकाठी, तुमचा ‘लेकाच्या’चा उलगडा पटण्यासारखा आहे, पण ‘लेका’ संपूर्णपणे शिवीचे शेपूट आहे हे मान्य करणे मला जड जाते. ‘लेकरा’ अशी हाक मराठवाड्यात अत्यंत मायेने मारली जाते आणि तिच्या आधी कोणतेही पद गाळलेले नाही. ‘लेकरा’ प्रेमळ आणि ‘लेका’ गाळीव शिवी, असे एकाच अंगाचे दोन उगम मानण्यापेक्षा मूळ हाक प्रेमळ होती आणि तिला शिव्यांच्या शेजाराचा वास लागला, असे मानणे सोपे नाही का?

वऱ्हाडीबाणा

आमच्या विदर्भात ‘लेका’ आणि ‘बे’ यांची कामे वाटून घेतलेली आहेत. ‘काय बे’ हे बरोबरीच्या, लंगोटीयार मित्राला. ‘लेका’मध्ये किंचित समजावण्याचा सूर असतो, म्हणजे ‘असं नसते करत लेका’, ‘कायले जातं लेका उन्हातान्हात’. आणि अनेकांना उद्देशून ‘लेकहो’ म्हटले जाते. ‘लेकहो, आता तरी आयका’ असे म्हणणारा माणूस स्वतःला त्या घोळक्यातला वडीलधारा समजत असतो, मग वयाने तो दोनच वर्षांनी मोठा का असेना.

यावरून मला असे वाटते, की शिवीचा मुद्दा बाजूला ठेवून आपण नात्याचा मुद्दा पाहावा. दुसऱ्याच्या मुलाला ‘मुला’ म्हणणे म्हणजे क्षणभर त्याचे बापपण आपल्याकडे घेणे. ते प्रेमाने घेतले तर माया होते, हक्काने घेतले तर उपदेश होतो, आणि त्याला न विचारता घेतले तर अपमान होतो. ‘मी तुझा बाप आहे’ हे वाक्य भांडणात का येते, हे आठवून पाहा. ‘लेका’मध्ये तेच वाक्य हलक्या आवाजात दडलेले आहे. माणदेशी यांनी सांगितलेला कान उपटण्याचा नियम यामुळेच आहे. थोरल्याचा बाप होण्याचा अधिकार धाकट्याला कुणी दिला?

कोशवाचक

वऱ्हाडीबाणा यांच्या मुद्द्याला ‘बेटा’ या शब्दाचा भक्कम आधार मिळतो. हिंदीत ‘बेटा’ ही आईबापांची रोजची प्रेमळ हाक आहे. मराठीत तो आला आणि लगेच बिघडला. ‘बेट्या, आता सापडलास’, ‘बेटा मोठा हुशार निघाला’ या वाक्यांत माया कमी आणि मिश्किलपणा जास्त आहे. दुसऱ्या वाक्यात ‘बेटा’च्या जागी ‘लेकाचा’ घालून पाहा, अर्थ केसभरही बदलत नाही. ‘बेटा’च्या मागे मराठीत कोणतीही शिवी गाळलेली नाही, तरी त्याला तोच सूर लागला. म्हणजे घराबाहेरच्या माणसाला मुलगा म्हटले की मराठीत टवाळीची छटा आपोआप येते.

सीमाभागातला

मी बेळगावचा आहे आणि दोन्ही भाषांत वाढलो आहे, म्हणून खाडीकाठी यांच्या बाजूने एक साक्ष देतो. कन्नडमध्ये मुलगा म्हणजे ‘मग’. आमच्या उत्तर कर्नाटकात ‘मगने’, ‘मगना’ ही हाक मित्रामित्रांत सर्रास चालते आणि ती एका पूर्ण शिवीचे उत्तरपद आहे हे प्रत्येक बोलणाऱ्याला ठाऊक असते, कारण ती पूर्ण शिवीही तितकीच चालते. बंगळूरच्या तरुणांत मात्र ‘मग’ हा अगदी निरागस, मित्राला मारायचा शब्द झाला आहे आणि तो वापरणाऱ्या कित्येकांच्या मनात शिवी येतही नाही. एकाच शब्दाचा शिवीपासून मैत्रीपर्यंतचा सगळा रस्ता इथे एका भाषेत डोळ्यांसमोर दिसतो. मराठीत रस्त्याचा पहिला भाग पुसला गेला असेल, एवढेच.

‘लगा’विषयीही थोडे लिहितो. उत्तर कर्नाटकच्या कन्नडमध्ये ‘ले’ हे धाकट्याला किंवा मित्राला उद्देशून लावायचे संबोधन आहे. जत, मंगळवेढा, अक्कलकोट या भागांत दोन्ही भाषा कानावर असणाऱ्या माणसाला ‘लका’, ‘लगा’ आणि ‘ले’ ही एकाच घरातली भावंडे वाटतात. व्युत्पत्तीने ती तशी असतील असे मी म्हणत नाही, परंतु शेजारच्या भाषेत त्याच कामाचा, त्याच वर्णाने सुरू होणारा शब्द असला की आपलाही शब्द टिकून राहायला बळ मिळते.

शंकेखोर

एक वेगळा तर्क मांडतो. आपल्याकडे मुलाला दृष्ट लागू नये म्हणून त्याचे नाव दगडू, धोंडू, केरबा असे ठेवत. कौतुक उघडपणे करायचे नाही, केले तर त्याला काळी तीट लावायची, ही आपली जुनी रीत. ‘लेकाचा शेवटच्या चेंडूवर सामना जिंकून गेला’ या वाक्यात कौतुक ओसंडून वाहते आहे, पण वर ‘लेकाचा’ची तीट लावलेली आहे. ‘गुलाम’, ‘लबाड’, ‘चोर’ हे शब्द आपण तान्ह्या बाळाला उद्देशून वापरतो, ते याच कारणाने. मग ‘लेका’चे वेगळे काही शोधायची गरज काय?

खाडीकाठी

तर्क सुंदर आहे, पण तो ‘लेका’ला लागू पडत नाही. ‘लबाड’ आणि ‘चोर’ हे मुळातच वाईट अर्थाचे शब्द आहेत, म्हणून त्यांची तीट होऊ शकते. ‘लेक’ हा मुळात चांगल्या अर्थाचा शब्द आहे. त्याला काळा रंग आधी कुठून तरी लागल्याशिवाय त्याची तीट कशी होणार? तो रंग शिवीतून आला, हे माझे म्हणणे तुमच्या तर्काने पक्केच होते.

वाटसरू

किंवा वऱ्हाडीबाणा म्हणतात तसा आगाऊ बापपणातून आला. मला हे दोन्ही झरे एकाच ओढ्याला मिळालेले दिसतात. ‘लेकाचा’ आणि ‘लेकाच्या’ ही रूपे शिवीच्या साच्याशिवाय समजत नाहीत, हे मी मान्य करतो. ‘लेका’ आणि ‘लेकहो’ समजायला मात्र शिवीची गरज पडत नाही.

ल्योकाचा दाखला माझ्या मूळ मुद्द्याला पूरकच आहे. जिथे मुलासाठी ‘ल्योक’ हे वेगळे रूप चालते, तिथेही हाकेत जुना ‘लेका’च टिकला. हाकांची रूपे नेहमीच हट्टी असतात, नाम बदलले तरी त्या बदलत नाहीत.

सायलीची वेल

एवढ्या चर्चेत एकही बाई आली नाही, म्हणून लिहिते. वाटसरू म्हणतात की ‘लेका’ हे पुल्लिंगी संबोधन आहे. स्त्रीलिंगी संबोधन ‘लेकी’ असे होईल, आणि ते आजी-पणजीच्या ओव्यांत आहेही, पण तिथे ते निखळ मायेचे आहे. ‘लेकी, कुठे उलथली होतीस इतके दिवस?’ असे कोणतीही मैत्रीण मैत्रिणीला विचारत नाही. थट्टेचे स्त्रीलिंगी रूप मराठीने घडवलेच नाही. मुलींना थट्टेने ‘भवानी’, ‘सटवे’, ‘बये’ म्हणतात, ‘लेकी’ नव्हे.

मग मुलींनी काय केले? आमच्या वसतिगृहात मुली मुलींना सरळ ‘लेका’ म्हणत. ‘लेका, उद्याची तयारी झाली का तुझी?’ हे वाक्य एक मुलगी दुसरीला म्हणे आणि त्यात कुणालाही व्याकरणाची चूक दिसत नसे. सरसकट ‘अरे’ आणि ‘यार’ म्हणणाऱ्या पिढीत हे ओघानेच आले. तिसऱ्या व्यक्तीविषयी बोलताना मात्र लिंग परत येई: ‘लेकाची पहिली आली बघ.’ म्हणजे ‘लेकाचा’ अजून विशेषण आहे, पण ‘लेका’ बहुधा नाम राहिलेले नाही. ‘बाबा’चे जसे झाले आहे तसे. ‘नको बाबा’ म्हणताना कुणी वडिलांना हाक मारत नसते.

माणदेशी

सायलीताई, हे आमच्याकडेही आहे, पण अगदी अलीकडचे. कॉलेजच्या पोरी एकमेकींना ‘लका’ म्हणताना मी ऐकल्या आहेत आणि म्हाताऱ्या त्यावर नाके मुरडतात. त्यांची तक्रार शिवीची नसते. ‘पोरगी असून लका काय म्हंतीस’ एवढीच असते.

वाटसरू

सायली, बाबांचे उदाहरण फार नेमके आहे आणि ते मला सुचले नव्हते. ‘लेका’ वाक्यात कुठेही बसतो, हेही त्याच दिशेने बोट दाखवते. ‘मला लेका काही कळतच नाही’ या वाक्यात बोलणारा बहुतेक वेळा स्वतःशीच बोलत असतो आणि समोर कुणी नसले तरी चालते. खरे संबोधन समोर माणूस असल्याशिवाय उभे राहत नाही. तेव्हा या वापरापुरते ‘लेका’ला ‘बुवा’ आणि ‘बाबा’ यांच्या पंगतीत बसवायला हवे.

यापुढे कुणाकडे खानदेशाची माहिती असल्यास जरूर लिहावे. अहिराणीत मुलाला ‘आंडोर’ म्हणतात. त्याचे असे थट्टेखोर संबोधन मित्रांत चालते का, की तिथे ‘भो’ आणि ‘भाऊ’ यांनीच सगळे काम भागते, हे तिथल्या माणसाकडूनच कळायला हवे.